तलावाच्या पाळीवरून: बाबांसोबत श्रीलंकेतले पाच दिवस

श्रीलंकेला लोक समुद्रासाठी जातात, चहाचे मळे पाहायला जातात, आम्ही चौघं गेलो ते तलाव पाहायला. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि बाबा. बाबा नागपुरात चाळीस वर्षं राहिले, इथंच मास्तरकी केली, पण जीव अजून भंडाऱ्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावातच आहे, पाच एकर धान आणि गावामागचा मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला. त्यांना कुठंतरी वाचायला मिळालं की लंकेतही आपल्यासारखेच गावागावाला तलाव आहेत आणि ते दोन-दोन हजार वर्षं जुने असून आजही त्यावर धान पिकतो. बस, तेव्हापासून वर्षभर एकच, "एकदा जाऊन पाहाचं हाय." मग २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या टाकल्या आणि निघालो.

दिवस पहिला

नागपूर ते चेन्नई, चेन्नई ते कोलंबो. निघताना घरून स्वेटर घालून निघालो होतो, कोलंबोला दाराबाहेर पाऊल टाकलं आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला. घड्याळ बदलायची गरज नाही, त्यांची वेळ आपलीच, गाड्याही डाव्या बाजूनेच. आपला एक रुपया म्हणजे तेव्हा त्यांचे साडेतीनच्या आसपास, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक बिल बघून छातीत धस्स व्हायचं आणि मग भागाकार केला की जीव भांड्यात.

आधीच ठरवलेली गाडी घेऊन गाईड बाहेर उभे होते. पन्नाशीचे, शांत माणूस, गाडी तेच चालवणार आणि माहितीही तेच देणार. सिंहलीत मोठ्या भावाला अय्या म्हणतात हे कळल्यावर लेकीने त्यांना अय्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढं आम्हीही. हबरनाला पोचायला चार तास लागले, रात्र झाली होती, खिडकीतून काहीच दिसलं नाही. जेवलो, झोपलो.

दिवस दुसरा

सिगिरिया. याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे म्हणून लांबवत नाही. जवळजवळ २०० मीटर उंच एकच खडक, त्यावर पाचव्या शतकात कश्यप राजाने राजवाडा बांधला, १२०० च्या आसपास पायऱ्या. बाबा अर्ध्यावर, सिंहाच्या पंजांपाशी थांबले, आम्ही तिघं वर जाऊन आलो. वरून खाली पाहिलं की जंगल आणि जंगलात जागोजागी आरसे पडल्यासारखं चमकणारं पाणी, ते सगळे तलाव. लेक मोजायला लागली आणि चौदावर येऊन चुकली.

खाली उतरल्यावर बाबा दिसेनात. पाहतो तर ते खालच्या बागेत, जमिनीला टेकून असलेल्या एका गोल चकतीसारख्या दगडाजवळ उकिडवे बसलेले. चकतीला भोकं पाडलेली. अय्यांनी सांगितलं की हे कारंजं आहे, पंधराशे वर्षांपूर्वीचं, मोटर नाही पंप नाही, फक्त वरच्या पाण्याच्या दाबावर, आणि भर पावसात आजही यातून पाणी उडतं. बाबा त्या भोकांवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. राजवाडा पाहिला नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना अय्यांनी कश्यपाची गोष्ट सांगितली. त्याचे वडील धातुसेन राजे, कलावेव हा प्रचंड तलाव त्यांनी बांधला. कश्यपाने गादी बळकावली आणि बापाला विचारलं, खजिना कुठं लपवलास? म्हातारा म्हणाला, दाखवतो, मला कलावेववर घेऊन चला. तिथं पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी दौलत एवढीच. कश्यपाने त्याला मारून टाकलं. लंकेच्या जुन्या बखरीतली ही गोष्ट तिथं शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. बाबा काहीच बोलले नाहीत, पण रात्री झोपताना हळूच विचारलं, "तो तलाव आपल्या रस्त्यात हाय का?" मी अय्यांना फोन करून चौथ्या दिवसाचा रस्ता बदलून घेतला.

दिवस तिसरा

ज्यासाठी आलो तो हा दिवस. पूर्ण दिवस फक्त आमच्यासाठी, दुसरे कोणी टुरिस्ट नाहीत, आणि अय्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की शॉपिंग नको, मसाल्याची बाग नको, गाव दाखवा.

सकाळी सातला हबरनाजवळच्या हिरीवडुन्ना गावाकडे निघालो. पक्का रस्ता संपला तिथं बैलगाडी उभी. दोन बुटके बैल, वर विणलेल्या झावळ्यांचं छप्पर. गाडी चिखलातून, मग एका ओढ्यातून आणि मग बांधाबांधाने तलावाच्या पाळीपर्यंत. बैलगाडीत बसून लेकीला नवल वाटत होतं आणि बाबांना घरी आल्यासारखं, त्यांनी गाडीवानाला खुणेनेच सांगून कासरा हातात घेतला आणि शंभरेक पावलं गाडी हाकलीसुद्धा.

पाळीवर चढलो आणि समोर तलाव. जानेवारी असल्यामुळे तुडुंब भरलेला, कारण तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी असतो, आणि त्यावरच्या पिकाला ते ‘महा’ म्हणतात, उन्हाळी पिकाला ‘यल’. कडेला पांढरी-गुलाबी कमळं, पाण्यात अर्धी बुडालेली अर्जुनाची झाडं, झाडावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. आणि पाळीच्या टोकाला मोहाचं झाड! बाबांनी पान तोडून चुरगाळून पाहिलं, फांदी पाहिली, म्हणाले मोहच हाय. अय्या म्हणाले, आम्ही या झाडाला ‘मी’ म्हणतो, याच्या बियांचं तेल काढतो, तलावाकाठी हे हमखास असतं. भंडारा-गडचिरोलीच्या माणसाला परदेशात मोह भेटला की काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही, बाबांनी त्या झाडासोबत फोटो काढून घेतला आणि पूर्ण ट्रिपमध्ये त्यांनी स्वतःहून मागितलेला तेवढा एकच फोटो.

तलावाला सिंहलीत वेव म्हणतात. अय्या म्हणाले हा वापी वरून आलेला शब्द, म्हणजे आपल्या बावडीचाच भाऊ. गावाला गम, हाताला अत, कानाला कन. लेकीने आकडेही शिकून घेतले, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट. आठला अट म्हणतात हे कळल्यावर ती दिवसभर अट अट करत होती.

आता खरी गोष्ट. मला वाटत होतं तलाव म्हणजे पाळ टाकली, पाणी अडवलं, झालं. अय्यांचं बालपण अशाच एका गावात गेलेलं, त्यांनी काठीने मातीत नकाशा काढून दाखवला. पाणी तलावात येतं त्या वरच्या बाजूला आधी छोटी खळगी असते, तिथं गाळ बसतो. मग गवताचा पट्टा, त्यातून पाणी गाळून येतं. मग झाडांची दाट रांग, गसगोम्मन, तिच्यामुळे वारा अडतो आणि उन्हाने पाणी कमी उडतं. आणि पाळीच्या खाली, पाळ आणि शेत यांच्या मधे, पुन्हा एक झाडोरा राखलेला, कट्टकडुव. पाळीतून जे पाणी झिरपतं त्यात क्षार असतात, ते शेतात जायच्या आधी ही झाडं ओढून घेतात. म्हणजे शेत खारवट होत नाही. त्यातल्याच झाडांची औषधं, त्यातलीच वेत आणि लाकडं. एवढा विचार करून बांधलेलं आणि हे एकट्यादुकट्या तलावाचं नाही, एका नाल्यावर माळेसारखे पाच-सात तलाव, वरच्याचं पाणी वापरून झालं की खालच्यात. असे लहान गावतलाव त्या देशात आजही १०,००० च्या वर आहेत. या पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक शेती वारसा म्हणून मान दिलाय.

बाबा ऐकत होते आणि मधे मधे आमच्या गावाकडची नावं लावत होते. पाळ ती पाळ. पाणी सोडायची मोरी म्हणजे आपलं तुडुम. जास्तीचं पाणी जातं तो आपला सलंग. लहान तलाव म्हणजे बोडी. आमच्याकडचे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधले, नवेगावबांध हा त्यातला सगळ्यात नावाजलेला, कोलू पाटील कोहळीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आणि पुढं लोक त्याला कोलासुर देव म्हणून पुजायला लागले. हे मी अय्यांना सांगितलं तर ते थांबलेच. म्हणाले, इथून जवळच मिन्नेरिया आहे, महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव, आणि आमचे लोक महासेनाला मिन्नेरियाचा देव म्हणूनच पुजतात. समुद्राच्या अलीकडे-पलीकडे ज्याने तलाव बांधला तो देव झाला, मला तर अंगावर काटा आला.

पाळीवरून खाली उतरून शेतात गेलो. बाबांच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की धान ओळीत नाही, म्हणजे रोवणी नाही, आवत्या टाकलेला, थेट बी फेकून पेरलेला. मग एक लोंबी हातात घेऊन एक दाणा दोन नखांत दाबला. पांढरं दूध बाहेर आलं. "दुधावर हाय. अजून महिना." शेजारच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, खांद्यावर कुदळ घेतलेले एक आजोबा उभे होते, उघडे, कमरेला सरोंग. त्यांनी हे पाहिलं आणि हसत हसत आले. त्यांनीही एक लोंबी तोडली, तसाच दाणा दाबला आणि बाबांपुढे धरला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नाही आणि दोघं अर्धा तास बोलत होते, मधे अय्या आणि मी धावत धावत अर्थ सांगतोय.

त्या आजोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी तिथंच मोबाईलमध्ये लिहून घेतल्या. पहिली म्हणजे बेत्म. ज्या साली तलाव अर्धाच भरतो त्या साली सगळी शेती करत नाहीत. गाव बसतं आणि ठरवतं की पाण्यात किती जमीन भिजेल, मग पाळीला लागून असलेली तेवढीच जमीन सगळ्यांत वाटून घेतात, तेवढ्या हंगामापुरती. ज्याचं शेत शेपटाला आहे, ज्याला एरवी थेंब मिळाला नसता, त्यालाही वरचा तुकडा मिळतो. जमीन ज्याची आहे तो हरकत घेत नाही कारण त्याच्या बापाने घेतली नव्हती. आणि पाळीची दुरुस्तीही वाट्याने, ज्याची जेवढी जमीन त्याच्याकडे पाळीचा तेवढा तुकडा. दुसरी गोष्ट म्हणजे कुरुलु पालुव. शेताचा एक तुकडा पाखरांसाठी सोडायचा, राखण करायची नाही. मी विचारलं, आजही सोडता? ते म्हणाले, सगळे नाही सोडत, पण आम्ही सोडतो, आणि हात करून दाखवलं, खरंच तिथं मुनियांचा थवा उतरलेला होता. गोंदियाकडच्या धानात उरलेसुरले सारस घरटी करतात आणि काही शेतकरी ती सांभाळतात, तेच माझ्या डोळ्यांपुढं आलं.

बाबांनी विचारलं पाणी कोण वाटतं. आजोबा म्हणाले वेल विदाने, जुनं पद आहे, आता शेतकऱ्यांची समिती असते पण लोक तेच नाव घेतात. आमच्याकडे होता पानकर. तुडुमातलं बूच तो काढायचा, कोणाच्या बांधीला किती ते त्याला तोंडपाठ, आणि हंगाम झाला की घरोघरी त्याला धान मिळायचा. १९५० चा कायदा आला, १९५१ पासून मालगुजारी गेली, ते योग्यच झालं, पण तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची माती टाकायला गावाने जायचं बंद केलं. पानकर गेला. तलावात बेशरमाची झाडं वाढली, गाळ साचला, आमच्या सलंगाचा दगड कोणी उचलून नेला ते कळलंही नाही. बाबांनी हे सगळं आजोबांना सांगितलं, मी इंग्रजीत आणि अय्यांनी सिंहलीत करून, आणि सांगताना बाबांचा आवाज बसला. आजोबांनी काही न बोलता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा हात चिखलाने भरलेला होता, बाबांच्या पांढऱ्या शर्टवर पाच बोटं उमटली.

तिथून दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या नावेतून तलाव पार केला. नावाड्याने कमळाचं पान उलटं घडी घालून लेकीसाठी टोपी केली, पाठीमागे देठ लोंबत होता. पलीकडे एका घरी जेवण. खवणीवर नारळ लेकीनेही खवून पाहिला, पाट्यावर लाल मिरची, कांदा आणि नारळ वाटून पोल सांबोल, लाल तांदळाचा भात, वरणासारखं परिप्पू, फणसाची भाजी, कमळाच्या कंदाची भाजी, तलावातली तळलेली मासळी, कुरक्कन म्हणजे नाचणीची भाकर, सगळं मातीच्या भांड्यांत आणि कमळाच्या पानावर. वर म्हशीचं घट्ट दही आणि त्यावर कितुलचा काळसर पाक. नागपुरात आम्ही तिखट खाणारी माणसं पण त्या सांबोलने डोळ्यांत पाणी आलं. बाबा दोनदा भात घेऊन जेवले, जे ते घरीही करत नाहीत.

परत येताना टुकटुक. वाटेत एका झाडावर बांधलेलं मचाण दिसलं, रात्री हत्ती राखायचं. गावाभोवती विजेची तार, तरी हत्ती येतात, माणसंही मरतात आणि हत्तीही. २०२१ पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानटी हत्ती आले आणि पुढं गोंदिया-भंडाऱ्याकडेही फिरले, त्यामुळे बाबांनी मचाण नीट चढून पाहिलं, किती उंच, शिडी कशी, आग कुठं करतात. गावात सांगायला लागेल म्हणाले.

दिवस चौथा

आधी कलावेव. पाळ संपता संपत नाही. गाडी पाळीवरून चाललीय आणि एका बाजूला समुद्रासारखं पाणी. आत पाण्याकडच्या बाजूला दगडी चौकोनी हौद असतो, बिसोकोटुव, त्यात पाण्याचा जोर मोडतो आणि मग ते शांतपणे मोरीतून बाहेर जातं, त्यामुळे एवढ्या मोठ्या तलावाची पाळ फुटत नाही. इंग्रजांच्या काळात हेन्री पार्कर नावाच्या इंजिनियरने हे ओळखलं आणि लिहून ठेवलं. इथून जो कालवा निघतो, जय गंगा, तो ८७ किलोमीटर चालत अनुराधापूरच्या तिस्सवेवला जातो आणि पहिल्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे १० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे जेमतेम अर्धी वीत. पाचव्या शतकात, कोणत्याही दुर्बिणीशिवाय! आणि या कालव्याला पाळ एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू उघडी, त्यामुळे वरच्या उताराचं पावसाचं पाणीही त्यात येत राहतं. बाबा काठावर बसले, चप्पल काढली, पाय पाण्यात सोडले. मग ओंजळीत पाणी घेऊन थोडा वेळ तसेच बसले. मी फोटो काढला नाही.

जवळच औकनची बुद्धमूर्ती, एकाच दगडात कोरलेली, चाळीस फुटांच्या आसपास उंच. तिथं वीस मिनिटं थांबून अनुराधापूर.

अनुराधापूरला एक काम होतं. आमच्या शेजारच्या मावशी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात. तिथला बोधिवृक्ष अनुराधापूरहून आणलेला आहे, त्यामुळे निघताना त्यांनी हात धरून सांगितलं होतं की मूळ झाडाखाली पडलेलं एक पान मिळालं तर आण. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन आली, तेच हे झाड, सोन्याच्या कठड्यात, फांद्यांना सोनेरी आधार दिलेले. पांढरे कपडे घातलेली माणसं, हातात कमळं, कोणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही तासभर बसून राहिलो. पान काही पडेना. निघायच्या वेळी वारा आला आणि एक पिवळं पान फरशीवर आलं, एका आजीने ते उचललं, लेकीकडे पाहिलं आणि तिच्या हातात दिलं. पासपोर्टच्या पानात ठेवून आणलं.

संध्याकाळी तिस्सवेवच्या पाळीवर फिरलो. तेवीसशे वर्षं जुना तलाव आणि त्यात पोरं आंघोळ करून राहिली होती, बाया कपडे धूत होत्या. मला आमचा नागपूरचा अंबाझरी तलाव आठवला, २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीत तो ओसंडून खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं, माझ्या मावसभावाच्या घरात कमरेएवढं. तलावाच्या खालची जागा पाण्यासाठी राखून ठेवायची असते हे इथं शेतातल्या आजोबांनाही माहीत आहे.

दिवस पाचवा

पहाटे निघून कोलंबो, दुपारी चेन्नई, रात्री नागपूर. विमानतळावर अय्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला, बाबांनी त्यांना भंडाऱ्याला यायचं आमंत्रण दिलं, धान निसवतो तेव्हा या म्हणाले, सप्टेंबरात.

नागपूरला उतरल्यावर थंडी चांगलीच होती. टॅक्सीत बसल्या बसल्या बाबांनी गावाकडे चुलतभावाला फोन लावला, रात्रीचे अकरा वाजले होते. वर्धा रोडपासून घरापर्यंत बोलणं चालू. यंदा तलावात किती पाणी हाय? उन्हाळी धान कोण कोण लावून राह्यला? शेपटाकडच्या बांध्यांना पाणी भेटते का? मग थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "रविवारी येतो मी. पाळीवर चार-पाच जणं बोलावून ठेव."